नाडी, नाळ आणि श्वास

देवळाली प्रवरा हे गाव राहुरी तालुक्यातले. नाशिकजवळच्या लष्करी देवळालीशी त्याची गल्लत भले भले पाहुणे करतात, म्हणून आरंभीच हे सांगून टाकलेले बरे. भंडारदऱ्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख आहे. आणि जिचे नाव गावाला मिळाले ती प्रवरा येथून पुढे नेवाशास जाते व तेथून टोक्याजवळ गोदावरीस मिळते. काही वर्षांपूर्वी पौषातल्या एका रात्री या गावातील आमच्या एका स्नेह्यांच्या गोठ्यात गाय अडली होती. वासरू पायाळू होते. ते ओढून काढीपर्यंत बराच वेळ गेला आणि बाहेर आले ते निपचित. जीभ निळसर, डोळे उघडे, अंग ओलेकच्च. आम्ही शहरातले, पुस्तकातले. आमच्या मते ते मेलेले होते.

घरातील वडीलधारे तात्या मात्र शांतपणे वासराच्या डाव्या कोपराच्या मागे पंजा ठेवून बसले. "आहे," इतकेच म्हणाले. मग त्यांनी नाकातोंडातील चिकट पुसून काढले, गव्हाची काडी नाकपुडीत फिरवली, कानात गार पाणी टाकले, गोणपाटाने बरगड्या खसाखसा चोळल्या. मध्येच त्यांनी आमचा हात धरून तेथे ठेवला. ठोके पडत होते, पण इतके संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये आपण पुढचा पडेल की नाही याची वाट पाहावी. मग वासराने एक आचका दिला, पुन्हा एक दिला, आणि आमच्या तळव्याखाली ते हृदय एकदम धावू लागले. श्वास आधी आला; हृदय त्याच्या मागोमाग आले. तोवर आम्हांस वाटत होते की हृदय हे मूळ यंत्र आणि श्वास हा त्याचा चाकर. त्या रात्री तळव्याने जे वाचले ते उलटे होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांस या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हृदय आणि श्वास या दोन वस्तूंवर मराठी वाङ्मयाने जितकी शाई खर्च केली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर केली असेल. तेव्हा या दोन वस्तू एकमेकींशी प्रत्यक्षात कशा वागतात, आणि ते माणसाला कसे व केव्हा कळले, हे ठाऊक असणे हा आपल्या व्यवसायाचाच भाग आहे. 'काळजाचा ठोका चुकला' असे आपण म्हणतो. (काळीज म्हणजे मुळात यकृत, पण ते असो.) निरोगी माणसाचा ठोका दर श्वासागणिक थोडा 'चुकत' असतो, आणि तो चुकेनासा झाला तर वैद्यास चिंता वाटते, हे आपल्या वाक्प्रचाराला ठाऊक नाही.

शब्दांपासूनच आरंभ करू. नाडी आणि नाळ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी पोकळ देठ, नळी असा अर्थ आहे. एक मनगटावर वैद्याच्या बोटाखाली उडते, दुसरी आईच्या उदरातील मुलाला वारेशी जोडते. जन्मापूर्वी या दोन नळ्यांत एकच ठोका वाहत असतो. मूल बाहेर आले, नाळ कापली, की नाडी एकटी उरते. आणि तिला पुढे चालविण्याचे काम ज्याच्याकडे येते तो श्वास.

आपल्याकडील नाडीपरीक्षेचे शास्त्र वाटते तितके प्राचीन नाही. चरक व सुश्रुत या संहितांत मनगटावरची सविस्तर नाडीपरीक्षा आढळत नाही; ती नीट मांडलेली दिसते ती तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत. शार्ङ्गधराने अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या धमनीस जीवाची साक्षीदार मानले आणि तिच्या चाली प्राण्यांच्या चालींवरून ओळखायला सांगितल्या. वातात ती जळवेसारखी किंवा सापासारखी, पित्तात चिमणी, कावळा, बेडूक यांच्यासारखी, कफात हंस व पारवा यांच्यासारखी. साहित्याच्या अभ्यासकाला हा भाग वाचताना आनंदच होईल, कारण येथे उपमा हे अलंकरण नसून मोजमापाचे साधन आहे. घड्याळाचा काटा नसलेल्या काळात वेग आणि लय नोंदविण्यास दुसरे काय होते? परंतु या साक्षीदाराची जबानी घेताना रोग्याचा श्वास या क्षणी आत चालला आहे की बाहेर, ही गोष्ट त्या वर्णनात मोजली गेली नाही. योगशास्त्राने श्वास घेतला, वैद्यकाने नाडी घेतली.

या दोन गोष्टींची गाठ पडली ती पुढे युरोपात, आणि तीही प्राण्यांच्या अंगावर. इंग्लंडातील टेडिंग्टन गावचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसविली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढले. हा वृत्तान्त १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन नळ्यांना जोडायला लवचीक सांधा हवा म्हणून त्याने पुढे हंसजातीच्या पक्ष्याची श्वासनलिका वापरली, हा तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. तो रक्ताचा दाब मोजायला निघाला होता. पण काचेतील रक्ताची पातळी ठोक्याबरोबर जशी खालीवर होत होती तशी ती श्वासाबरोबरही मोठ्या संथ लाटांनी हलत होती, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

शंभरेक वर्षांनी, १८४७ मध्ये, कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने या लाटेला लिहायला शिकविले. काजळी धरलेला कागद फिरत्या नळकांड्यावर गुंडाळायचा आणि रक्ताच्या दाबाने हलणाऱ्या काट्याने त्यावर रेघ ओढवून घ्यायची. हृदयाने स्वतःच्या हाताने लिहिलेला हा पहिला मजकूर म्हटला तरी चालेल. कुत्र्याच्या अशा रेघांत लुडविगला दिसले की श्वास आत घेताना ठोके जवळ जवळ येतात, सोडताना लांब लांब पडतात. वैद्यकाच्या इंग्रजी परिभाषेत यालाच पुढे 'रेस्पिरेटरी सायनस अऱ्हिद्मिया' म्हणू लागले. त्यातील अखेरच्या शब्दाचा अर्थ 'बेताल'. आणि हे नाव मूळ वस्तूवर अन्याय करणारे आहे, कारण हा बेतालपणा नसून तालावर धरलेला दुसरा ताल आहे.

त्याच्या दोनच वर्षे आधी वेबर बंधूंनी दाखविले होते की मेंदूतून छातीत व पोटात उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू चेतविला तर हृदय मंदावते, थांबतेसुद्धा. म्हणजे हृदयाला लगाम आहे. श्वास घेताना हा लगाम सैल सुटतो आणि सोडताना पुन्हा ताणला जातो, हे हळूहळू उलगडत गेले. हा हुकूम मेंदूतील श्वसनकेंद्राकडून परस्पर येतो की फुगलेल्या फुप्फुसाकडून उलट येतो, यावर बरीच वर्षे वाद चालला. १९३६ मध्ये अन्रेप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दोन्ही वाटा खऱ्या असल्याचे दाखविले. याचा उपयोग काय, यावर मात्र अद्याप एकमत नाही. जपानमधील हायानो यांनी १९९६ मध्ये कुत्र्यांवरच प्रयोग करून असे मांडले की फुप्फुसात ताजी हवा असते त्याच वेळी जास्त रक्त तेथून फिरावे, अशी ही काटकसर आहे.

या साऱ्याला एक मानवी बाजूही होती. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर मंडळी मुलांची नाडी पाहत, ती मागेपुढे पडते असे आढळे, आणि धडधाकट मुलाला हृदयरोगी ठरवून महिनोन् महिने अंथरुणात डांबले जाई. इंग्लंडातील बर्नली या गिरणगावात साधा वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या जेम्स मॅकेन्झी याने स्वतःच्या यंत्रावर अशा नाड्या उतरवून घेतल्या, त्याच रोग्यांना वर्षानुवर्षे पाहिले, आणि सांगितले की हा प्रकार तारुण्याचा आहे, रोगाचा नव्हे. मुलांना खेळू द्या.

येथवरची गोष्ट वाढलेल्या प्राण्याची झाली. नवजाताची गोष्ट निराळी आहे, आणि ती फार उशिरा कळली.

नुकत्याच जन्मलेल्या निरोगी मुलाचे हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा पडते आणि श्वास चाळीस ते साठ चालतात. इतक्या घाईच्या श्वासामागे लगाम दर वेळी सैल सोडणे व ताणणे व्हेगसला जमत नाही; त्याच्या तंतूंवरील आवरणही अजून पुरते चढलेले नसते. म्हणून श्वासाबरोबरची ती लाट नवजातात फारच बारीक असते. मोठ्या कुत्र्याच्या नाडीत ती बोटाला सहज लागते, पण त्याच्याच पिल्लाचे हृदय पहिले काही आठवडे शिवणयंत्रासारखे एकसुरी पळत असते. म्हणजे श्वासाच्या तालावर डोलणे हृदय जन्मतः घेऊन येत नाही. ते हळूहळू अंगी येते, तारुण्यात भरास येते आणि वयाबरोबर पुन्हा ओसरते. गर्भाच्या बाबतीत तर १९६३ मध्ये हॉन आणि ली यांनी निदर्शनास आणून दिले की ठोक्याठोक्यांतील बारीक फरक नाहीसा होऊन नाडी अगदी सपाट चालू लागली तर ती संकटाची पूर्वसूचना असते.

पण श्वासाची हृदयावरील खरी सत्ता दिसते ती पहिल्या मिनिटात. गर्भाच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी असते. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी, मेंढीच्या गर्भात तरी, जेमतेम दहावा हिस्सा तिकडे फिरकतो. प्राणवायू वारेकडून येतो. ऑक्सफर्डच्या नफील्ड संस्थेत जेफ्री डॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये नवजात कोकरांवरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसे हवेने फुगताच त्यांतील मिटलेल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि रक्ताचा लोंढा तिकडे वळतो. तो लोंढाच फुप्फुसांतून परतून हृदयाचा डावा कप्पा भरतो. श्वास आला नाही आणि नाळ तुटली, तर त्या कप्प्यात यायला रक्तच उरत नाही.

पुढे १९६३ च्या सुमारास डॉस व त्यांचे सहकारी यांनी कोकरांबरोबर ऱ्हीसस माकडांवरही प्रयोग केले. हे आपल्या उत्तर हिंदुस्थानातले लाल तोंडाचे माकड; भारतातून ते परदेशी प्रयोगशाळांत हजारोंनी जात असे, १९७८ मध्ये सरकारने निर्यात बंद करीपर्यंत. त्या पिल्लांचा श्वास कोंडल्यावर काय होते याचा क्रम तेथे मिनिटामिनिटाने नोंदला गेला. आधी थोडी धडपड, मग निवांत थांबणे, मग आचके, मग अखेरचे थांबणे. या सर्व काळात हृदय मंदावत जाते, पण चालू असते. या अखेरच्या टप्प्यावर काडी, गार पाणी, चोळणे, कशाचाही उपयोग नसतो. फुप्फुसात बाहेरून हवा भरावी लागते. ती भरली की आधी हृदयाचा वेग वाढतो, मग रंग पालटतो, आणि पिल्लाचा स्वतःचा श्वास सर्वांच्या मागून येतो. देवळालीच्या त्या वासराचे नशीब की ते आचक्यांच्या टप्प्यापलीकडे गेले नव्हते. त्या माकडांचे ऋण आज प्रसूतिगृहातील प्रत्येक मूल नकळत फेडीत असते. त्यांच्या यातनांचा उल्लेख न करता पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही.

या ज्ञानाची शेवटची मोठी भर अलीकडची आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात स्टुअर्ट हूपर यांच्या गटाने, भट्ट या पहिल्या लेखकाच्या नावाने, २०१३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या कोकरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. श्वास सुरू होण्यापूर्वी नाळ बंद केली तर हृदयाची गती धाडकन् खाली येते; आधी फुप्फुसे फुगवून मग नाळ बंद केली तर ती फारशी हलत नाही. म्हणजे नाळ आणि श्वास यांच्यामध्ये हृदयाला अधांतरी सोडायचे नाही. गाय, शेळी यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांची नाळ वेळ आली की आपली आपण तुटते. कात्री फक्त माणसाच्या हाती आहे.

येथे आम्हांस आपल्याकडील सुइणींची एक जुनी चाल आठवते. मूल रडले नाही तर नाळ न कापता वार शेकायची, म्हणजे मुलात जीव येतो, अशी समजूत देशाच्या अनेक भागांत होती. शिकल्या-सवरलेल्यांनी तिची पुष्कळ टवाळी केली. वार शेकल्याने श्वास सुरू होत नाही, आणि त्या खटाटोपात हवा भरण्याची वेळ निघून जाते, हे निर्विवाद. पण त्या समजुतीमागील निरीक्षण खोटे नव्हते: नाळ उडते आहे तोवर मूल गेलेले नाही. आजही नवजाताची नाडी पाहायची झाली तर बेंबीशी नाळेच्या मुळालाच दोन बोटे लावतात. सुईण योग्य जागी हात ठेवून चुकीच्या दिशेला पाहत होती. तिला मूर्ख ठरविणाऱ्यांपैकी कितीजण योग्य दिशेला पाहत होते?

महाराष्ट्रात या विषयाचे दोन अध्याय लिहिले गेले, आणि दोहोंत चारेकशे नव्हे, मनाने हजारो मैलांचे अंतर आहे. पहिला लोणावळ्याचा. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ चा, डभोईचा. अमळनेरास शिक्षणकार्य केलेले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकलेले. स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. त्यापूर्वी बडोद्यास त्यांनी नौली व उड्डियान करणाऱ्यांच्या पोटातील दाब मोजला होता, क्ष-किरणांनी चित्रे घेतली होती. योगाविषयी भक्तिभावाने लिहिणारे तेव्हाही शेकड्याने होते. या गृहस्थांनी त्याला पारा भरलेली नळी लावली.

आमच्या मते त्यांची खरी थोरवी एका नकारात आहे. प्राणायामाने शरीरास भरपूर प्राणवायू मिळतो, असा समज तेव्हा सार्वत्रिक होता आणि आज दूरदर्शनच्या पडद्यावरून तो दर सकाळी पुन्हा जन्म घेतो. कुवलयानंदांनी श्वासातील वायू मोजले आणि जाहीर केले की प्राणायामाचे मोल अधिक प्राणवायूत नाही. ते छातीपोटातील दाबांच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत शोधावे. 'प्राणायाम' हे त्यांचे पुस्तक १९३१ चे. ज्या विद्येवर आयुष्य वाहिले तिच्याविषयीचा सर्वांत लोकप्रिय दावा स्वतःच मोडून काढणे हे धैर्य आपल्या समीक्षकांत किती आढळते, याचा विचार वाचकांनी करावा. येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन हे याच काळात त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिले. त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला.

योगी हृदय थांबवितात ही कथा मात्र थांबायला तयार नव्हती. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ विदुषी यंत्र घेऊन भारतात आल्या. योग्यांची नाडी, श्वास आणि हृदयाचा विद्युत्-आलेख यांची एकत्र नोंद घेऊन त्यांनी ती पॅरिसला प्रसिद्ध केली, आणि हृदय जवळजवळ थांबल्याची वार्ता जगभर झाली. १९६१ मध्ये वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद यांनी पुन्हा तपासणी केली. श्वास कोंडून छाती व पोट जोराने आवळले की शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. मनगटावरची नाडी नाहीशी होते, छातीवर कान ठेवला तर स्नायूंच्या आवाजात ठोका बुडून जातो. पण विद्युत्-आलेखावर हृदय आपले काम करीत असते. साक्षीदार गप्प बसला म्हणून जीव गेला असे होत नाही, हे शार्ङ्गधरालाही पटले असते. चमत्कार गेला, उरले ते अधिक मोलाचे होते, की श्वासाच्या वाटेने हृदयापर्यंत पोहोचता येते.

दुसरा अध्याय गडचिरोलीचा. डॉ. अभय बंग मराठी वाचकांस माहीत आहेत ते 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकामुळे. स्वतःच्या हृदयाविषयी इतके वाचले गेलेले पुस्तक लिहिणाऱ्या या लेखकाने व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील अर्भकांच्या श्वासाविषयी जे केले, ते मात्र आपल्या वाङ्मयीन चर्चेत क्वचितच येते. अंक न येणाऱ्या सुइणींना मिनिटाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचे साधन तयार केले. जपमाळेचा हा वापर आम्हांस तरी कोठल्याही भाष्यकाराने सुचविलेला आठवत नाही. पुढे १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना, आरोग्यदूतांना, नवजाताची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकविले गेले. मूल न रडता जन्मले तर काय, हा त्यातील सर्वांत कठीण धडा. आधी तोंडाने हवा देणे, मग नळी व मुखवटा, आणि १९९९ पासून हाताने दाबायची पिशवी व मुखवटा. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५ च्या आसपास आले. जन्मताच श्वास कोंडून होणारे मृत्यू, पुढील काही वर्षांच्या हिशेबानुसार, सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. २०११ मध्ये केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्तींमार्फत ही गृहभेटींची पद्धत देशभर स्वीकारली.

महाराष्ट्रातील बालमृत्यूंची मोजदाद करणारा जो अहवाल २००१ मध्ये बंग व इतरांनी काढला त्याचे नाव 'कोवळी पानगळ'. सरकारी नोंदीत किती मृत्यू येतच नाहीत हे त्यात दाखविले होते. कवितासंग्रहाला शोभणारे हे नाव आकडेवारीला देण्यात काही औचित्यभंग झाला, असे म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. आमचे मत उलट आहे. जे मोजलेच गेले नाही त्याला आधी नाव लागते.

नोंदीचा हा प्रश्न भाषेचाही आहे. 'मृत जन्मले' या चार-पाच अक्षरांत किती जिवंत मुले पुरली गेली असतील? २०१० पासून नवजाताच्या पहिल्या मिनिटासाठी एक सोपे प्रशिक्षण जगभर सुरू झाले, आणि बेळगाव जिल्ह्यात सुमारे सहाशे परिचारिका, सुइणी व डॉक्टर यांना ते देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृतजन्मांचे प्रमाण शंभरांमागे ३ वरून २.३ वर आलेले दिसते. जन्मानंतरची फुंकर आधीच मेलेल्याला जिवंत करीत नाही. तेव्हा हा फरक ज्यांचा, त्या मुलांची हृदये जन्मताना चालू होती असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. पूर्वी कोणी नाळेला बोट लावून पाहिले नव्हते, किंवा पाहिले तरी हवा दिली नव्हती.

आता पुन्हा प्रवरेकडे. नदीच्या खालच्या अंगाला नेवासे आहे, जेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायातील योगाभ्यासाच्या वर्णनावर, प्राण-अपानांवर, आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण आम्हांस येथे त्या ग्रंथाचा विचार वेगळ्या अंगाने करावासा वाटतो. तो श्वासाविषयी काय सांगतो हे थोडा वेळ बाजूला ठेवून, तो म्हणताना श्वासाचे काय होते ते पाहू. ज्ञानेश्वरांच्या ओवीत तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. मोठ्याने वाचणाऱ्याला एक ओवी एका दीर्घ निःश्वासात बसते, आणि आखूड चरणाशी उरलेल्या जागेत तो नवा श्वास घेतो. नऊ हजारांहून अधिक वेळा.

हे केवळ कवित्व नाही. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखविले की लॅटिन जपमाळ म्हणताना आणि तिबेटी मंत्र म्हणताना माणसे नकळत मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेऊ लागतात. रक्तदाबाला स्वतःचीच एक संथ लाट असते, मायर याने १८७६ मध्ये वर्णिलेली, साधारण दहा सेकंदांची. श्वास तिच्या मापाला आला की दोन लाटा एकमेकींवर बसतात आणि हृदयाचे डोलणे सर्वांत मोठे होते. २००४ मध्ये सिसार्झ आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी होमरच्या षट्पदी ओळी माणसांना चालत चालत म्हणायला लावल्या. श्वास व हृदयाची लय एकमेकांशी जुळली, नुसत्या साध्या श्वासापेक्षा कितीतरी अधिक. जात्यावरच्या ओव्यांचे गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेले लाखावर ओव्यांचे भांडार आपल्यापाशी आहे. म्हणणाऱ्या बायका आहेत. जातीही काही घरांत आहेत. मराठी विभाग आणि शरीरक्रियाविज्ञान विभाग एकाच विद्यापीठात असतात, कधी कधी एकाच रस्त्यावर. मनगटाला लावायचा पट्टा आता फोनवाल्याकडेही मिळतो.

आम्ही एकदा वर्गात हा खेळ करून पाहिला. विद्यार्थ्यांनी जोड्या केल्या. एकाने ओव्या मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने त्याच्या मनगटावर बोटे ठेवायची आणि डोळे मिटायचे. शास्त्रीय किंमत शून्य. पण सातव्या-आठव्या ओवीच्या सुमारास मागच्या बाकावरची एक मुलगी, आजवर छंदाच्या तासाला कधी न बोललेली, डोळे न उघडता म्हणाली, "सर, हिचा चौथा चरण आला की मला इथे कळतंय."